कोलवाळची नदी, धारगळचा काठ

म्हापशाहून पेडण्याकडे निघालं की कोलवाळचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की धारगळची हद्द. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून या रस्त्यावरच्या गाड्यांना खाली नदी आहे हे जाणवायलाही फुरसत नसते. नदी भेटायची तर महामार्ग सोडून काठाला उतरायला हवं. मला ती उतरण फार आवडते. कांदळाची झाडी, घोट्यापर्यंत धरून ठेवणारा काळा चिखल, माडाच्या बुंध्याला बांधलेल्या होड्या. समुद्र इथवर रोज येऊन जातो. त्यामुळे काठावर पोचलं की आधी पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते निरखायचं, मग बाकीचं.

ही शापोरा. तिळारीच्या डोंगरातलं पाणी मणेरीवरून गोव्यात आणते, हळर्ण, धारगळ, तुये अशी गावं उजव्या हाताला ठेवत मोरजीजवळ समुद्राला मिळते. जुने लोक तिला कोलवाळची नदी म्हणत. आज ती ओलांडायला मिनिटही लागत नाही, पण जवळपास अडीचशे वर्षं ती दोन राज्यांची सीमा होती. 1543 पासून बारदेश पोर्तुगीजांकडे होता. अलीकडचं पेडणं बराच काळ सावंतवाडीकर भोसल्यांकडे राहिलं आणि 1788 मध्ये पोर्तुगीजांच्या हाती कायमचं गेलं. पलीकडे कोलवाळ आणि थिवीला तटबंदी उभी होती ती याच काठाच्या भीतीने. 1683 मध्ये संभाजीराजांची फौज बारदेशात घुसली, तेव्हा ती भीती खरी ठरली.

सीमा म्हटली की आपल्याला भिंत दिसते. इथे मात्र सीमेवरून होड्या चालत होत्या. धर्मांतराच्या काळात जुन्या काबिजादींतली, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या मुलखातली, कितीतरी दैवतं अशीच पाण्यावरून पलीकडच्या मुलखात गेली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर मांडवी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि 1668 मध्ये शिवाजीमहाराजांनी त्याचं देऊळ नव्याने बांधवलं. अशा रात्री वल्हं मारणाऱ्या तारींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. देवाला होडीत बसवून अंधारात पैलतीर गाठणाऱ्या त्या माणसांचा विचार मनात आला की मला हा चिखलही आदराने तुडवावासा वाटतो.

धारगळहून भरती धरून वर गेलं की हळर्ण, पोर्तुगीजांचं आलोर्ना, येतं. तिथे नदीला लागूनच भोसल्यांचा जांभ्या दगडाचा किल्ला आहे. 1746 च्या मे महिन्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने तो जिंकला, आणि राजाने त्या विजयाची दखल घेऊन त्याला ‘मार्किस ऑफ आलोर्ना’ हा किताब दिला. नदीकाठच्या एका लहानशा गावाचं नाव असं लिस्बनच्या दरबारात जाऊन बसलं. त्याची नात लिओनोर 1750 मध्ये जन्मली. राजावरच्या हल्ल्याच्या आरोपावरून तिच्या आजोळच्या ताव्होरा घराण्यातल्या प्रमुखांना 1759 मध्ये देहदंड झाला, वडील तुरुंगात गेले, आणि आठ वर्षांची ही मुलगी आईसोबत शेलाशच्या मठात कोंडली गेली. 1777 पर्यंत ती तिथेच होती. त्या भिंतींआड ती वाचत राहिली, लिहायला लागली आणि पुढे मार्केझा द आलोर्ना म्हणून पोर्तुगीज कवितेत मोठी झाली. 1839 मध्ये ती गेली. हळर्ण तिने कधी पाहिलं नाही. ज्या गावाच्या पाडावातून आपल्या घराला किताब मिळाला, तिथल्या लोकांनी त्या मे महिन्यात काय गमावलं, हे तिला कुणी सांगितलं असेल का? किल्ल्यात उभं राहून मला विजेत्यापेक्षा ती कोंडलेली मुलगीच जवळची वाटते.

नदी कुणाची, हा प्रश्न आजही संपलेला नाही. 2016 च्या कायद्याने शापोरा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 25 झाली, मणेरीच्या पुलापासून मोरजीच्या मुखापर्यंत. नद्यांचा ताबा दिल्लीकडे जातोय म्हणून गोव्यात तेव्हा मोठा विरोध झाला. तिकडे झुआरीवर नावशीला मरिनाचा प्रस्ताव आला, तर रापणकार आणि होडीवाले रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं मला पटतं. नांगरलेल्या पांढऱ्या यॉट सुंदर दिसतात यात शंका नाही, पण त्यांच्यासाठी किनारा कुंपणात गेला की खुबे नि तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांनी पाण्यात उतरायचं कुठून? शिवोली-चोपडे पूल झाल्यावर तिथली फेरीबोट गेली. ते सोयीचंच झालं. पण तरीवर जमणारी माणसं, बोटीची वाट पाहताना होणारी ओळखपाळख, मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं, हे सगळं त्या बोटीबरोबर गेलं.

धारगळच्या काठाला धक्का व्हावा असं मलाही वाटतं. लहान, जांभ्या दगडाचा, ओहोटीतही पाण्याला टेकणाऱ्या पायऱ्यांचा. एका बाजूला खुबेवालीची पाटी ठेवायला जागा, दुसऱ्या बाजूला हळर्णला जाणारी होडी, आणि वल्हं इथल्याच एखाद्या तारीच्या हाती. किल्ल्याच्या दारात मार्किसची तारीख कोरली तरी चालेल, त्याच्याखाली लिओनोरची हकिगत लिहावी. आणि त्या दोन्हींच्या वर, ठळक अक्षरांत, ज्यांचा तो किल्ला होता त्या सावंतवाडीकर भोसल्यांची.