लिहून देणार, लिहून घेणार

मागच्या महिन्यात मिलमध्ये एक खाडा केला. मुकादमानं विचारलं, काय काम? म्हटलं, घराच्या कागदावर बायकोचं नाव लावायचंय. तो हसला. पिठाची पोती शिवणारे दोघंही हसले. त्यातला एक म्हणाला, "लाव, लाव. उद्या तीच तुला भाईर काढंल." हा आपल्यातलाच. चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं असतो.

मला त्याचा राग आला. मग आठवलं, हेच वाक्य तीन वर्षं माझ्या पोटात होतं. मी बोललो नव्हतो, एवढंच.

येरवड्यातली आमची खोली आणि स्वयंपाकघर तीन वर्षांपूर्वी घेतलं. पैसे कुठून आले ते सांगतो. माझा पीएफचा अ‍ॅडव्हान्स, पतपेढीचं कर्ज, तिची भिशी, तिच्या कानातलं. ती चार घरची धुणीभांडी करते, त्यातून बाजूला टाकलेले. पुढं मिलमध्ये काम कमी झालं, तेव्हा पतपेढीचे हप्ते तिनंच भरले. पण खरेदीखताच्या दिवशी ती माहेरी, बाळंतपणाला. मी एकट्यानं सही ठोकली. तिचं नंतर घालू म्हटलं. 'नंतर' हा शब्द पुरुषांना फार सोयीचा आहे.

माझा बाप वारला तेव्हा मी सात वर्षांचा. झोपडी बापानं आणि चुलत्यानं मिळून बांधलेली, फोटोपास चुलत्याच्या नावावर. पुण्यानुमोदन झालं, भाषणं झाली, लोक जेवून गेले. आठव्या दिवशी चुलत्यानं आईची ट्रंक बाहेर ठेवली. आई भांडली नाही. आत गेली आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवून काखेत धरला. तो तिनं माहेराहून आणलेला. त्या घरात तेवढाच तिचा होता.

हे सगळं माहीत असूनही मी हिंदू कोड बिलावर दोनदा भाषण केलं. 1951च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यात या बिलाची कुचंबणा हे मोठं कारण होतं, हे मी छाती फुगवून सांगितलं. बिलाचे पुढं तुकडे होऊन कायदे झाले. त्यातला वारसा कायदा 17 जून 1956ला लागू झाला. त्याच्या 14व्या कलमानं बाईची मालमत्ता पूर्ण तिच्या मालकीची झाली. चार महिन्यांनी नागपूरला दीक्षा. आपण धर्म सोडला, पण वारसाहक्काला तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे बापाच्या हिश्श्याला आई वारस होती. पण बाप कागदावर असता तर! टाळ्या पडल्या, मी घरी आलो, ट्रंकेतलं खरेदीखत होतं तसंच होतं.

शेतकरी संघटनेनं 1989-90च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शंभरावर शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. चांगलंच केलं. पण तिला लक्ष्मी कशाला म्हणायचं? ती शेतात राबली म्हणून तिचं, एवढं पुरे नाही का? आपल्याकडं तर जमीनच नाही. आहे ती एक खोली, आणि तेवढ्यातही आपण पाटीलकी करतो.

वकील म्हणाला, नुसत्या अर्जानं नाव चढत नाही. बक्षीसपत्र करावं लागेल. अर्धा अविभक्त हिस्सा बायकोला बक्षीस. महाराष्ट्रात नवऱ्यानं बायकोला राहतं घर असं दिलं तर मुद्रांक 200 रुपये, बाकीचा खर्च वेगळा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची.

बक्षीस. माझा आजा पाटलाच्या वाड्यापुढं हलगी वाजवायचा आणि पाटील वरून नाणं फेकायचा, त्याला बक्षीस म्हणत. मी शब्दांशी झटणारा माणूस, मला तो शब्द घशात अडकला.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत टोकन घेऊन बसलो. मसुद्यात मी 'लिहून देणार', ती 'लिहून घेणार'. ती सातवी शिकलीय. बोट फिरवत सावकाश वाचत होती. "प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता" इथं बोट थांबलं.

"मोबदला न घेता? मग माझी भिशी कुठं गेली?"

वकील म्हणाला, "ताई, भाषा अशीच असते. मोबदला लिहिला तर ती विक्री होईल, मुद्रांक कितीतरी वाढंल."

"म्हंजी खोटं लिहायला दोनशे, आन खरं लिहायला जास्ती?"

वकील गप्प. मीही गप्प. ती माझ्याकडं बघत होती, वकिलाकडं नाही. मी म्हटलं, "भिशीचं मी लिहून ठेवतो." ती म्हणाली, "तुम्ही लिहा. पण कवितेत नगं." म्हणून हे गद्यात लिहितोय.

आणि 1882च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणं घेणाऱ्यानं स्वीकारल्याशिवाय बक्षीस पुरं होत नाही. म्हणजे तिनं नाही म्हटलं असतं तर? सही करायला तिनं वेळ घेतला. मला घाम फुटला होता.

साक्षीदार म्हणून माझा एक मित्र आणि आई. आई प्रौढांच्या वर्गात सही शिकली. तिनं विचारलं, "माझं नाव कशात लावत्यात?" म्हटलं, साक्षीदार. ती म्हणाली, "साक्षीदार तर मी कवापास्नं हाय." मग फोटो, अंगठे. तिघांनी बाहेर येऊन चहा घेतला, आईनं पैसे दिले.

इंडेक्स टू त्याच जुन्या ट्रंकेत ठेवलाय. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर मात्र अजून माझं एकट्याचंच नाव आहे. सेक्रेटरी म्हणतात, मीटिंग झाली की बघू. मीटिंग कधी ते सांगत नाहीत. ती दर रविवारी जिना उतरून त्यांना विचारून येते.