निद्रिस्त साक्षी

गेल्या दिवाळींत पुण्याच्या चिरंजीवांनीं आम्हांस एक लहान मोटार घेऊन दिली. तिच्या पुढील कांचेवर डॅशकॅम आणि आसनाखालीं त्याच्यासाठीं एक स्वतंत्र बॅटरी पॅक बसवून ते म्हणाले, "बाबा, गाडी उभी असली तरी हा पाहारा करील. निश्चिंत असा." संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला अशा वेळीं ‘साक्षी’ हा शब्द आठवणारच. साक्षात् पाहणारा तो साक्षी, असें पाणिनीनें सांगून ठेविलें आहे. पाहणारा जागा असावा लागतो, एवढें मात्र आम्ही विसरलों.

नंदुरबारांत आमचें मोटारीचें काम तें केवढें! सकाळीं नातवास शाळेंत पोहोंचविणें आणि सायंकाळीं बाजार. जाऊन-येऊन प्रत्येक खेपेस आठ मिनिटें.

मार्गशीर्षांतील एका सकाळीं गाडीच्या दारावर हातभर ओरखडा दिसला. पहाटे दूध घालणारा मुलगा आपली मोटारसायकल नेमकी तेथेंच वळवितो. तिच्या दोहों बाजूंस लटकणाऱ्या कॅनकडे आम्हीं पाहिलें आणि मनांत निकाल देऊन टाकला. तो अजीजीनें म्हणाला, "गुरुजी, मनी गाडी नही लागनी." आम्हीं कॅमेरा उघडून पाहिला. आदल्या सायंकाळीं सातास गाडी उभी केली होती. नवाच्या सुमारास चित्र संपलें होतें. साक्षी झोपी गेला होता, तरी न्यायाधीश गप्प बसले नाहींत. चारचौघांत आम्ही त्या मुलास नाहीं तें बोललों. दुसऱ्या दिवसापासून दूध घालावयास दुसराच कोणी येऊं लागला.

आठ दिवसांनीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव खालीं मान घालून पुढें आले. "काका, त्या रात्रीं माझ्या मोटारसायकलीचें हँडल तुमच्या गाडीस घासलें. भीतीनें बोललों नाहीं." त्यांस रागावण्याचें बळ आम्हांस उरलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळींच आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. इतरांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविण्यांत आमचा जन्म गेला. स्वतःची चूक दाखवितांना घसा कोरडा पडला. त्याच्या आईनें चहा पुढें केला. मुलानें मान वर केली नाहीं.

घरीं येऊन प्रथम त्या झोपाळू साक्षीचा जमाखर्च मांडला. आमच्या पॅकची क्षमता सहा अँपिअर-तास, म्हणजे सुमारें ७७ वॅट-तास. गाडी उभी असतां कॅमेरा सुमारें ४ वॅट खातो. गाडी दिवसाचे पावणेचोवीस तास उभी, म्हणजे खर्च ९५. पूर्ण भरलेला पॅकसुद्धां एवढा वेळ पुरणार नाहीं! आणि जमा? सिगारेट पेटविण्यासाठीं म्हणून गाडींत जें छिद्र असतें, त्यांतून पॅक साडेचार अँपिअरनें, म्हणजे ५७ वॅटनें भरे. त्या हिशेबानें सोळा मिनिटांत जेमतेम १५ वॅट-तास. ज्या घरांत ९५ खर्च आणि १५ प्राप्ति, त्याचें दिवाळें वाजावयास ज्योतिषी लागत नाहीं.

मोटारीच्या मूळ बॅटरीवरच कॅमेरा चालवावा, असा विचार आला. परंतु शिशाची ती बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठीं आहे. छोट्या खेपांत तीही पुरती भरत नाहीं आणि अर्धवट भरलेली राहिली तर लवकर खराब होते. अंगणांत नुसतेंच इंजिन चालू ठेवणें म्हणजे पेट्रोल जाळून घरांत विषारी धूर घेणें.

आमचें कुटुंब तांदूळ निवडीत हें सारें ऐकत होतें. तें म्हणालें, "अहो, नळ घटकाभर येतो आणि तुम्ही टाकीची तोटी दिवसभर उघडी ठेवतां, मग टाकी भरावी कशी? शिवाय दिवसभर अंगणांत आम्हां बायकांची ये-जा. त्या डोळ्याचें तेव्हां काम काय?"

आमच्या गणितास जें सुचलें नाहीं, तें या दोन वाक्यांत सांपडलें. पाहारा रात्रीं दहा ते सकाळीं सहा एवढाच ठेविला. खर्च ३२ वर आला. मग नळही मोठा केला. जाणत्या कारागिराकडून योग्य फ्यूज घालून पॅकची तार थेट गाडीच्या फ्यूज-पेटीस जोडून घेतली. आतां तो नऊ अँपिअरनें भरतो आणि त्याच सोळा मिनिटांत ढोबळ मानानें ३० मिळतात. जी किंचित् तूट राहते, ती रविवारीं प्रकाशास तापीकाठीं केदारेश्वराच्या दर्शनास जाऊन-येऊन भरून निघते. पुण्य आणि वीज दोन्ही एकाच खेपेंत पदरीं पडतात.

एक चिंता उन्हाळ्याची. आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढें जातो आणि बंद गाडी तर भट्टीच होते. आमचा पॅक लोह-फॉस्फेट जातीचा आहे. या द्रव्याचा उपयोग दाखविणारा निबंध पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केला. गुडइनफ यांस पुढें लिथियम बॅटरीवरील कार्यासाठीं २०१९ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, नोबेल पारितोषिक मिळालें. ही जात इतर लिथियम जातींपेक्षां उष्णतेस अधिक सोशिक खरी. तथापि फार तापल्यास पॅक भरणें आपोआप थांबवितो आणि उष्णतेनें त्याचें आयुष्यही घटतें. म्हणून तो आसनाखालींच ठेवावा आणि गाडी सावलींत उभी करावी.

साक्षी आतां रात्रभर जागतो. दूध घालावयास तोच मुलगा पुन्हां येतो. मात्र आमच्या दाराशीं आला कीं मोटारसायकल बंद करून ती हातानें ढकलीत नेतो. "असूं दे रे, बसून जा," असें आम्ही रोज सांगतों. तो हंसतो आणि ढकलीतच जातो. पुतणे दारावरील ओरखड्यास रंग लावून देतों म्हणतात. तूर्त तो तसाच राहूं दिला आहे.