कण्हेरीचा भारा

आमच्या बार्शीटाकळीच्या घरी तेव्हा चंद्री नावाची घोडी होती. लग्नसराईत नवरदेव मिरवून ती घरात चार पैसे आणी. कोरडवाहू शेतीला तेवढाच आधार.

२०१२ सालच्या वैशाखातली गोष्ट. आमच्या अंगणाला कण्हेरीचे कुंपण होते. महादेवाला फुले होतात आणि शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून आजीनेच ते लावलेले. पाहुणे येणार म्हणून मी ते छाटले आणि भारा कोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला. दोन दिवसांत उन्हाने पाने वाळली, वाऱ्याने उडून कुटारात मिसळली. ओली कण्हेर कडू, जनावर हुंगून सोडते. वाळलेली पाने मात्र चाऱ्याबरोबर पोटात जातात, आणि वाळल्याने विष काही उतरत नाही. मला हे कुठे ठाऊक!

संध्याकाळी चंद्रीने दाणा सोडला. अंगाला घाम, पातळ लीद, मान वळवून पोटाकडे पाहणे. बाबा म्हणाले, "पोट दुखते तिचं. चालव तिले." मी वेशीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला तिचे पाय लटपटू लागले.

डॉक्टर आले. डाव्या कोपरामागे नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. धडधाकट घोड्याचे हृदय विसाव्यात मिनिटाला २८ ते ४० ठोके देते. चंद्रीचे दोन ठोके पडत, एक गळे, मग चारपाच धावत सुटत. त्यांनी एकच विचारले, "कुंपण कशाचं आहे?" मी भाऱ्याकडे बोट दाखवले. बाबा नाळ्याने तेल पाजायच्या तयारीत होते, तेही त्यांनी थांबवले. ढासळलेल्या जनावराच्या फुप्फुसात ते उतरते. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून नाकातून नळी घालून औषधी कोळशाचे पाणी पोटात सोडले. चुलीतला कोळसा नव्हे.

मग ते ओट्यावर बसून बोलले. कण्हेरीतले ओलिअँड्रिन हृदयाच्या स्नायूतील क्षारांची ये-जा बिघडवते, त्यामुळे ठोका चुकतो. मूठभर पानांनी मोठा घोडा जातो. चालवले की हृदयावर ताण वाढतो. म्हणजे माझ्या दोन फेऱ्या अपायच करत होत्या. विलायतेत विल्यम विदरिंग या वैद्याने १७८५ साली ज्या झाडाचे औषध लिहून ठेवले, त्यात याच जातीचे द्रव्य. आमचे थोरले काका हृदयासाठी डिगॉक्सिनची गोळी घेत, तीही त्याच कुळातली. मात्रा तेवढी वेगळी.

तिसऱ्या दिवशी चंद्री कडबा खाऊ लागली. खरा पेच तेव्हा पडला. चार दिवसांवर वरात होती, इसार घेतलेला, आणि त्यातले निम्मे पैसे बियाण्यात गेलेले. डॉक्टरांनी बजावले होते, की विषाने स्नायूचे तुकडे मरतात, तिथे वण राहतो; कित्येक आठवडे काम नको, नाहीतर नवरदेवासकट कोसळेल. आई म्हणाली, "उभी त हाये ना थे." खोटे नव्हते. बघणाऱ्याला घोडी चांगलीच दिसत होती.

त्या रात्री बाबा कंदील घेऊन कोठ्यात गेले आणि तिच्या छातीला कान लावून बसले. सकाळी शेजाऱ्याकडून उसने घेऊन त्यांनी इसार परत केला. मुलाकडच्यांनी चार शब्द सुनावले, ते ऐकून घेतले. मला मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी पुन्हा तपासले. उभी असताना ठोके नीट, पण थोडे पळवले की एखादा गळतोच. पाठीवर नवरदेव पुन्हा चढला नाही. विकायचेही कोणी काढले नाही.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, तशीच विषारी, बैलाला, शेळीलाही. मोठ्या रस्त्यांच्या दुभाजकावर कण्हेर सर्रास असते, तिथली छाटणी गवतासोबत घरी येऊ देऊ नये. जनावर ढासळले तर आता १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो.

कुंपण मी उपटले. आजी रुसली, म्हणून एक झाड विहिरीपलीकडे ठेवले आहे. त्याची छाटणी खड्ड्यात पुरतो. धूरही बाधतो, म्हणून पेटवत नाही.