बटण बंद, तरी गीझरच!

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी पुण्याहून इच्छापूरला पोचलो तेव्हा घरात पाणी नव्हतं. बोअरचा पंप चालू केला की मेन बोर्डातली आरसीसीबी खटकन पडायची आणि अख्ख्या घराची लाइट जायची. दोन दिवस हाच खेळ चालला होता.

आमचे वायरमन भाऊ अनुभवी माणूस. त्यांनी बोर्डातल्या एमसीबी एकेक करून बंद करून पाहिल्या. स्वयंपाकघर बंद, तरी ट्रिप. बाथरूम बंद, तरी ट्रिप. पंप बंद केला की सगळं शांत. म्हणजे दोष पंपातच. बोअरमधून पाइप उपसायचे, पंप बऱ्हाणपूरला न्यायचा, वाइंडिंग करून आणायचं. ऐन दिवाळीत हे कोण करणार? म्हणून त्यांनी दुसरा उपाय सुचवला, "आरसीसीबी बायपास करून टाकतो भाऊ. सण तर निघून जाईल."

बाबा जवळजवळ तयार झाले होते. नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांना अभ्यंगस्नानासाठी गरम पाणी हवं होतं. आजी म्हणाली, "माळ्यावरचा बंब काढा. त्याला कुठे होती वायर?" मुद्दा बिनतोड होता. पाणी तापवण्याच्या बाबतीत आमचा जिल्हा तसा जुना जाणकार. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला हमाम मुमताजसाठी बांधला असं तिथले गाईड सांगतात. मुमताज 1631 साली बऱ्हाणपुरातच वारली. त्या हमामाच्या रंगवलेल्या छताखाली उभं राहिलं की आपला 15 लिटरचा गीझर फारच केविलवाणा वाटतो.

मी बीई आहे, पण कॉम्प्युटरचा. पंपातलं मला फारसं कळत नाही. आरसीसीबी काय करते ते मात्र माहीत होतं. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती मोजते. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की ती लाइन तोडते, कारण तो हरवलेला करंट कुठूनतरी जमिनीत जातोय आणि ते 'कुठून' म्हणजे एखाद्याचं अंगही असू शकतं. एमसीबीला यातलं काही समजत नाही. ती फक्त जास्त करंट पाहते. घरात ओल्या पायांनी बाथरूममध्ये जाणारी माझी आई, साठी उलटलेली. बायपासला मी साफ नाही म्हणालो आणि एक तास मागून घेतला.

घरातले सगळे प्लग काढले. फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर, मिक्सर, सगळे. पंप लावला. चालला! टाकी भरायला लागली आणि आईने लगेच बादल्या लावल्या. मग एकेक प्लग परत लावत गेलो. शेवटी उरला गीझर. होळीनंतर कुणी त्याला हात लावला नव्हता, बटणही बंद होतं. प्लग नुसता सॉकेटात खोचला, आणि खटकन सगळं बंद.

वायरमन भाऊ बटणाकडे बघतच राहिले. गोम अशी, की ते बटण आणि बोर्डातली एमसीबी, दोन्ही फक्त फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गीझरचा एलिमेंट आतून फुटून त्याच्या न्यूट्रलच्या टोकाकडून बॉडीला लागला असेल, तर न्यूट्रल आणि अर्थिंग तिथे एकत्र येतात. पंपासारखा मोठा लोड चालला की न्यूट्रलवर दोन-तीन व्होल्ट चढतात, थोडा करंट अर्थिंगमधून पळतो आणि आरसीसीबी पडते. पंपाचा दोष काहीच नाही. भाऊंनी बाथरूमची एमसीबी बंद केली तरी ट्रिप व्हायचं ते यामुळेच.

झाकण उघडून मल्टिमीटर लावला. एलिमेंटच्या दोन टोकांमध्ये साडेसव्वीस ओहम, म्हणजे 2000 वॅटला अगदी बरोबर. पण टोकापासून बॉडीपर्यंत मीटरने काहीच दाखवायला नको होतं, तिथे एका टोकाला 38 आला आणि दुसऱ्याला त्याहून पंचवीसेक जास्त. दोष कुठल्या टोकाजवळ आहे तेही त्यातच कळलं. एलिमेंट बाहेर काढला तर क्षारांचा बोटभर पांढरा थर आणि त्याखाली नळीला तडा. आमच्या बोअरचं पाणीच जड आहे, डाळ शिजता शिजत नाही.

आणि समजा बायपास केलं असतं तर? गीझर चालला असता, पाणी तापलं असतं, कुणालाही काही कळलं नसतं. अर्थिंगचा एक स्क्रू सैल होईपर्यंत.

भाऊंनी दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूरहून नवा एलिमेंट आणला आणि गीझरला डबल पोल स्विच बसवला. त्याने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. तुमच्या आईवडिलांच्या घरी असा स्विच आहे का, ते या दिवाळीत बघून घ्या. आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटणही एकदा दाबून पाहा. दाबल्यावर ती पडली नाही, तर ती फक्त शोभेला आहे.

पंप मात्र वर काढावा लागला नाही. आणि आता कुठून ट्रिपची तक्रार आली की भाऊ फोनवरच पहिल्यांदा विचारतात, "गीझरचा प्लग काढून पाहिला का?"