लंडनमधले पहिले तीन महिने

शाळेच्या मराठी पानासाठी लंडनविषयी चार ओळी लिहून पाठव, असे सरांनी कळवले. शाळा सोडून पाच वर्षे झाली, तरी सरांचा निरोप आला की हात आपोआप कामाला लागतो.

सप्टेंबरच्या शेवटी मी एम.एस्सी.साठी इथे आलो. पहिली नजरेत भरली ती इथली शिस्त. भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर ज्याला उभे राहायचे तो उजवीकडे उभा राहतो आणि घाईत असलेला डावीकडून चढून जातो. कुणी उस्ताद शिट्टी मारत नाही, तरी रांग मोडत नाही. ही रेल्वे 1863 साली सुरू झाली. काही स्टेशने इतकी खोल आहेत, की वर येईपर्यंत बाहेर ऊन होते की पाऊस हेच विसरायला होते.

वर्गात पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी सांगितले, मला नावाने हाक मारा. मला ते अजून जमलेले नाही. प्रश्न विचारताना मी संबोधनच गाळतो! वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आमटीला फोडणी दिली, तर धुराचा भोंगा वाजून सगळी इमारत रस्त्यावर आली. थंडीत कुडकुडणारी मुले बघून मला आपली फॉल-इन आठवली. आता मी खिडकी उघडूनच मोहरी टाकतो. सुरुवातीला प्रत्येक किमतीला शंभराने गुणत होतो आणि उपाशीच परत येत होतो. वडिलांनी शेत तारण ठेवून कर्ज काढले आहे, त्यामुळे तो गुणाकार पूर्ण सुटलेला नाही.

अवघड गेले ते वेगळेच. शाळेत पहाटेच्या पी.टी.पासून रात्री दिवे बंद होईपर्यंत दिवस आखलेला असे. इथे आठवड्यात दहा-बारा तास वर्ग, बाकी वेळ आपला. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. अंधारात खोलीत बसले की जुन्या गोष्टी वर येतात. तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, एन.डी.ए.ची लेखी परीक्षा आणि एस.एस.बी. पार करून मी वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टीमुळे बाद झालो. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्या दिवशी ते एवढेच म्हणाले, ‘बरं, जेवून घे.’ त्यानंतर आमच्या घरात फौजेचा विषय निघाला नाही.

नोव्हेंबरात इथे लोक कोटावर कागदाचे लाल पॉपी लावतात. 11 तारखेला अकरा वाजता दोन मिनिटे शांतता पाळतात. आमच्या ग्रंथालयातही सगळे उभे राहिले. मी नकळत सावधान झालो होतो. टाचा जुळल्याचा आवाज झाला, तशी शेजारची मुलगी वळून बघू लागली.

त्या रविवारी हाइड पार्क कॉर्नरजवळच्या मेमोरियल गेट्स पाहायला गेलो. दोन्ही महायुद्धांत ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या सैनिकांचे हे स्मारक 2002 साली उभे राहिले. बाजूला एक छोटी छत्री आहे. तिच्या घुमटाच्या आतल्या बाजूला व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस मिळवलेल्यांची नावे आहेत. मान वर करून शोधत राहिलो. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव सापडले. दोघेही मराठा पलटणींचे, दोघेही इटलीत लढले. घाडगे 1944 साली तिथेच पडले. बाहेर बस धावत होत्या. पोटापाण्यासाठी घरापासून इतक्या लांब आलेला मी पहिला नाही, हे तिथे कळले. माझ्या हातात तर परतीचे तिकीटही आहे.

फोटो काढून वडिलांना पाठवला. पाच वर्षांत न निघालेला विषय त्या संध्याकाळी निघाला. घाडगे कोणत्या बटालियनचे, जाधव कोणत्या, इटलीतली नदी कोणती, ते अर्धा तास सांगत होते. शेवटी म्हणाले, ‘फोटो हललाय. नावं नीट वाचता येत नाहीत. पुढच्या सुट्टीला जाऊन पुन्हा काढ.’

मी ‘जी, साहेब’ म्हणालो आणि आम्ही दोघेही हसलो.