सुईदोऱ्याने बेचा पाढा

जाड पुठ्ठ्यावर मोठं वर्तुळ काढायचं, कोनमापकाने दर पाच अंशांवर खूण करून दाभणाने 72 भोकं पाडायची आणि त्यांना 0 ते 71 आकडे द्यायचे. मग बेचा पाढा म्हणत ओवायला लागायचं: 1 वरून 2, 2 वरून 4, 3 वरून 6. गुणाकार 71 च्या पुढे गेला की 72 वजा. म्हणजे 37 चा दोरा 2 वर येतो. दोरा वाचवायचा तर 6 वर आलेली सुई मागून 8 ला न्यावी आणि पुढून 4 ला परतावी. उलटीकडून घातला म्हणून टाका बदलत नाही.

निम्मं काम होईपर्यंत नुसता गुंता दिसतो. मग आतून हृदयाच्या आकाराची रेषा वर येते, गणितातली कार्डिऑइड. ती कुणी काढलेली नसते. दोरे सगळे सरळच. प्रत्येक जण सुरुवातीच्या भोकापासून बरोब्बर एक तृतीयांशावर तिला स्पर्श करून पुढे जातो. माझी आवडती जागा 24 ची. त्याची दुप्पट 48. 48 ची दुप्पट 96, त्यातून 72 गेले की पुन्हा 24. दोन टाके एकाच वाटेवर! तिथे दोरा दुहेरी पडतो, पण ओवणाऱ्याखेरीज कुणाला ते कळत नाही.

पुठ्ठ्यावरचं हे शिवण मुलांच्या हाती दिलं मेरी एव्हरेस्ट बूल (1832–1916) यांनी. तर्काचं बीजगणित मांडणारे जॉर्ज बूल त्यांचे पती, आणि ज्यांचं नाव शिखराला मिळालं ते भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट त्यांचे काका.

उजेड हेच काम क्षणात उरकतो. स्टीलच्या गोल, उभ्या डब्यात थोडं दूध घ्या आणि अंधारात मोबाईलचा टॉर्च काठाला टेकवून धरा. किरण भिंतीवर ज्या कोनात आपटतो त्याच कोनात परततो. म्हणून काठाचा जेवढा भाग ओलांडून आला, तेवढाच पुन्हा ओलांडतो. झाली दुप्पट. सूर्य लांब, त्याचे किरण समांतर, तिथे तीनचा पाढा लागतो. सकाळच्या तिरप्या उन्हात पेल्यातल्या चहावर दिसते ती चकाकती रेषा त्याच पाढ्याची, मात्र अर्धीच. कारण ऊन एकाच बाजूच्या भिंतीवर पडतं.

खिळे ठोकलेले, क्रम छापलेले तयार संच मला पटत नाहीत. त्यात हाताला उरते ती गुंडाळागुंडाळ. स्वतः ओवलं की आकारातला नियम हाती लागतो: बेच्या पाढ्याला एक खाच पडते, तीनच्याला दोन, चारच्याला तीन. सुट्टीत मुलांकडून पाढे घोकून घेण्याआधी त्यांना एक पुठ्ठा आणि सुईदोरा द्या.