रात्रीचा हिशेब

चार वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यानें मोटारीमागें जोडावयाचें एक फिरतें घर बांधवून आणलें, तेव्हां आम्हीं त्यास उधळेपणाच म्हटलें होतें. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केलें होतें खरें; पण संगमनेरच्या आमच्या आळींत असलें वाहन नवलाचेंच होतें. त्याचा खरा लाभ झाला तो आमच्या थोरल्या वहिनींस. त्यांस निद्रेंत श्वास अडण्याचा विकार आहे. नाकावर मुखवटा लावून श्वासयंत्र चालविल्याखेरीज त्यांस स्वस्थ झोंप लागत नाहीं. परक्या ठिकाणीं वीज गेली तर काय, या भयानें त्यांनीं प्रवासच सोडला होता. त्या घरांतील दोन बॅटऱ्यांच्या भरंवशावर त्या पुन्हां उंबऱ्याबाहेर पडूं लागल्या.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सारे अकोलें, राजूर या मार्गानें भंडारदऱ्यास काजवे पाहावयास गेलों. १९२६ सालीं पुरें झालेलें तेथील धरण पूर्वीं पाहिलें होतें. परंतु पावसाच्या तोंडावर झाडेंच्या झाडें एका तालावर उजळतात व विझतात, हें दृश्य आम्हांस नवें होतें. वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग हळूच म्हणाल्या, “भाऊजी, या जिल्ह्यांत सून म्हणून आलें त्याला पन्नास वर्षें झालीं. हें मात्र आज पाहिलें.”

त्याच रात्रीं तीनच्या सुमारास बॅटऱ्या संपल्या आणि श्वासयंत्र बंद पडलें. वहिनी घाबरून, धडधडत्या छातीनें जाग्या झाल्या; पण कोणास हांक न मारतां भिंतीस टेकून बसून राहिल्या. पहाटे आम्ही उठलों तेव्हां त्या तशाच बसलेल्या दिसल्या. “उठविलें कां नाहीं?” असें विचारतां म्हणाल्या, “मुलें दमून निजलीं होतीं. उगीच कशाला सर्वांची झोंपमोड?”

आम्हांस मात्र खरा दोषी ठाऊक होता. दोन पंखे, सरबतासाठीं चालू ठेवलेला फ्रिज, सर्वांचे फोन, हें सारें त्याच बॅटऱ्यांवर होतें. आणि रात्रीं अकरापर्यंत दिवा लावून पुस्तक वाचीत पडलों होतों ते आम्हीच. सायंकाळीं मापकानें १२.६ व्होल्ट दाखविले, म्हणून आम्ही निश्चिंत राहिलों. शाळेंत आम्ही मुलांस स्थालीपुलाकन्याय शिकवीत असूं: एक शीत चेपून पाहिलें कीं भात शिजला कीं नाहीं तें कळतें. बॅटरीस हा न्याय लागू नाहीं. जुनी बॅटरी स्वस्थ असतां पूर्ण व्होल्ट दाखविते. भार पडला म्हणजेच तिच्या पोटांत काय उरलें आहे तें समजतें.

नवी बॅटरी कोणती घ्यावी, यावर घरांत आठ दिवस चर्चा चालली. पदार्थविज्ञान आमचें मॅट्रिकपुरतेंच. तरी कागद-पेन्सिल घेऊन बसलों. श्वासयंत्र ४० वॅटचें, आठ तास, म्हणजे ३२० वॅट-तास. पंखे २४०, फ्रिज सुमारें २४०, दिवे व फोन १००. एका रात्रीचे झाले ९००. शिशाच्या १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांवर हिशेबानें २४०० वॅट-तास लिहिलेले असतात; पण ही जात निम्म्याहून अधिक रिकामी करीत गेलें तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणजे वापरावयाचे १२००. नव्या असतां तेवढे पुरे होते. चार उन्हाळे काढलेल्या बॅटऱ्यांत तेवढे कोठून राहणार?

पुतण्या प्रथम म्हणाला, “काका, एकच नवी घेऊं, दुसरी अजून बरी आहे.” दुकानदारानेंच त्यास थांबविलें. जुनीच्या जोडीस बांधलेली नवी बॅटरी तिचा भार वाहतां वाहतां स्वतःही लवकर म्हातारी होते.

मग लिथियम-लोह-फॉस्फेटचा विचार निघाला. शिशाची बॅटरी प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. ही नवी जात १९९७ च्या सुमारास गुडइनफ व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनांतून पुढें आली. त्याच गुडइनफना लिथियम बॅटरीवरील कार्यासाठीं २०१९ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, नोबेल पारितोषिक मिळालें. शिशाची एक बॅटरी सुमारें ३० किलो, तर ही १२-१३ किलो. शिशाची शेंकड्यांनीं मोजावी इतक्या वेळां भरते-रिकामी होते, तर ही दोन हजारांहून अधिक वेळां. किंमत दुपटीहून अधिक खरी; पण वर्षांनीं भागली तर महाग पडत नाहीं. पथ्यें दोन: चार्जर तिला मानवेल असाच हवा, आणि मोटारीवरून भरतांना मध्यें स्वतंत्र चार्जर बसविला पाहिजे. गोठणबिंदूखालीं ती भरूं नये म्हणतात. भंडारदऱ्याच्या थंडींत ती चिंता नाहीं.

एक घेतली असती तर एक रात्र कशीबशी निभली असती. परंतु आषाढांत ढग आले म्हणजे छतावरील सौरपट्ट्या दोन-दोन दिवस निजतात. म्हणून दोन घेतल्या. जुन्या बॅटऱ्या भंगारांत न विकतां दुकानदारासच परत केल्या. शिसें हें विष आहे, तें ओढ्याकांठीं वितळविलें जाऊं नये.

एवढें करूनही आमचें समाधान झालें नाहीं. बॅटरी मोठी केली कीं उधळणारे हातही मोठे होतात. म्हणून पुतण्यानें एक यंत्र बसविलें. एक-तृतीयांश वीज शिल्लक उरतांच फ्रिज, पंखे, फोन आपोआप बंद होतात. चालू राहतें तें एकटें श्वासयंत्र. बॅटरी कितीची घ्यावी हा प्रश्न दुकानांत सुटतो. शेवटचा अंश कोणासाठीं राखावयाचा हें घरांत बसून ठरवावें लागतें. आमच्या एकत्र कुटुंबांत हा प्रश्न आम्हीं पन्नास वर्षें विचारलाच नव्हता. कारण शेवटचा अंश जिच्या वांट्यास यावयाचा, ती कधीं हांक मारीत नसे.

श्रावणांत पुन्हां भंडारदऱ्यास गेलों. पाऊस अखंड होता. दुसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास पंखा थांबला व आम्ही जागे झालों. अंधारांत श्वासयंत्राचा मंद आवाज संथपणें चालला होता. आम्ही कूस बदलून पुन्हां निजलों.